नव्या पक्ष्याचं वर्णन लिहायचं असेल तर: अँडीज आणि अ‍ॅमेझॉनकडून

पक्षी कुठल्याच फील्ड गाइडमध्ये सापडत नाही, एवढ्यावरून तो विज्ञानाला नवा ठरत नाही. बहुतेक वेळा तो ओळखीच्याच पक्ष्याचं अर्धवट पिसांतलं पिल्लू निघतो. कधी दोन प्रजातींचा संकर, कधी रंगद्रव्य कमी पडलेला एखादा एकटा जीव. फार क्वचित तो खरोखर नवा असतो, आणि मग पुढची काही वर्षं त्याच्या मागे घालवायची तयारी ठेवावी लागते.

मी मूळची चिपळूणची. पक्ष्यांची कातडी हातात कशी धरायची हे मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) संग्रहात शिकले. आता दक्षिण अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या पक्षीसंग्रहात काम करते. मोजमापं घेणं, कपाटं राखणं, इतरांना नमुने पाठवणं आणि अधूनमधून एखाद्या वर्णनलेखात हातभार लावणं, असं माझं काम आहे. महाराष्ट्रातली मुलंमुली विचारतात, तिकडे अजून नवे पक्षी सापडतात म्हणे, मग ते जाहीर कसे करतात? सापडतात, खरंच सापडतात. सोळा प्रजाती दडलेला एक अँटपिट्टा, म्हणजे जमिनीवर फिरणारा एक लाजरा पक्षी, २०२० मध्ये उलगडला. २०२१ मध्ये पेरू-बोलिव्हियातल्या एका पिवळ्याधमक पक्ष्यासाठी नवा जीनसच (प्रजातींच्या वरचा गट) करावा लागला. तो इंती टॅनेजर. पक्षीशास्त्रज्ञ डॅनियल लेन यांनी तो २००० च्या ऑक्टोबरात पेरूमधल्या मानूच्या रस्त्यावर पहिल्यांदा पाहिला, पण त्याची वीण होते ती जागा बोलिव्हियात आहे हे कळायला २०११ उजाडलं. वर्णन छापून आलं त्याच्याही दहा वर्षांनी. घाई केली असती तर एका धावत्या दर्शनाची नोंद एवढंच हाती राहिलं असतं.

नव्या प्रजातीचं वर्णन म्हणजे तुम्ही मांडलेला दावा, आणि तो तपासायची साधनं तुम्हीच जगाच्या हवाली करायची असतात. पन्नास वर्षांनी तुमच्यावर अविश्वास असलेला कुणी माणूस येईल, कपाट उघडेल, रेकॉर्डिंग ऐकेल आणि तुमचं बरोबर होतं का ते स्वतः ठरवेल. पुढची प्रत्येक पायरी त्या माणसासाठी आहे.

आधी स्वतःचाच दावा पाडून बघा

वय, लिंग, पिसं बदलण्याचा काळ, पिसांची झीज आणि संकर या सगळ्या शक्यता एकेक करून खोडायच्या. वय ठरवायला कवटीचं हाड किती पक्कं झालंय ते पाहतात, फॅब्रिशियसची पिशवी (ती कोवळ्या वयातच असते) आहे का ते पाहतात, जननग्रंथींचं माप घेतात. हे आकडे नमुना तयार करतानाच टिपावे लागतात, नंतर मिळत नाहीत.

ब्राझीलमधल्या केशरी डोक्याच्या, जवळपास टकल्या पोपटाची गोष्ट उलट्या बाजूने बोलते. तो कुणी पाहिला की गिधाडी पोपटाचं पिल्लू म्हणून सोडून देत. मग संशोधकांनी नमुने नीट तपासले, तेव्हा केशरी डोक्याचे पक्षी पूर्ण वाढलेले निघाले. २००२ मध्ये त्याला पियोनोप्सिट्टा ऑरांटिओसेफाला हे नाव मिळालं. नमुन्याला बांधलेली, जननग्रंथींची नोंद असलेली चिठ्ठी नसती तर हा वाद सुटलाच नसता.

बोगोटा सनएंजलचं मात्र वाईट झालं. १९०९ मध्ये बोगोटात विकत घेतलेला एकच हमिंगबर्ड, त्यावरून १९९३ मध्ये नवी प्रजाती वर्णिली गेली. २०१० मध्ये जुन्या कातड्यातला डीएनए काढून ती वेगळी असल्याचं सांगितलं गेलं. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने लांब शेपटीच्या सिल्फ या हमिंगबर्डचे अनेक भागांतले नमुने घेऊन तुलना केली, तर त्या 'प्रजाती'चा मायटोकाँड्रियल डीएनए त्यांच्यातच बसला. हा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे बाप कुणीही असू शकतो. मी विद्यार्थ्यांना यातून दोन गोष्टी सांगते. एकाच जनुकावर प्रजाती उभी करू नका, आणि शेजारच्या प्रजातीचे नमुने एकाच डोंगरावरचे घेऊन थांबू नका.

आवाज

या खंडात आवाजाला फार मोठं वजन आहे, आणि त्याला कारण आहे. इथले कितीतरी पक्षी सबऑसिन गटातले: अँटबर्ड, अँटपिट्टा, टॅपाक्युलो, मॅनाकिन, टायरंट फ्लायकॅचर. आपल्याकडचे दयाळ-कस्तुर गाणं ऐकून शिकतात, त्यामुळे त्यांच्यात प्रांतोप्रांती बोली तयार होतात. सबऑसिनांमध्ये गाणं बहुतांशी जन्मजात असतं. म्हणून दोन डोंगरांवरच्या अँटपिट्टांचं गाणं ठामपणे वेगळं असेल, तर दोघांची वंशरेषा वेगळी असण्याचा तो चांगला पुरावा ठरतो.

१९९८ मध्ये मॉर्टन आणि फिलिस आयलर आणि ब्रेट व्हिटनी यांनी एकाच जंगलात शेजारी नांदणाऱ्या अँटबर्ड प्रजातींची गाणी तपासली. अशा जोड्या किमान तीन स्वतंत्र ध्वनिलक्षणांत वेगळ्या असतात असं त्यांना दिसलं. तेव्हापासून तो एक मापदंड झाला. एकमेकांपासून दूर राहणाऱ्या दोन समूहांत इतका फरक असेल, तर ते एकत्र आले तरी वेगळेच राहतील, असा तर्क त्यामागे आहे.

रूफस अँटपिट्टाचं कोडं याच वाटेने सुटलं. लांब तंगड्यांचा, शेपटी नसल्यासारखा, दाट बांबूखाली जमिनीवर उड्या मारत फिरणारा तपकिरी पक्षी. व्हेनेझुएला-कोलंबियापासून बोलिव्हियापर्यंत सगळीकडे जवळपास सारखाच दिसतो. पिसं बघत बसलात तर आयुष्य जाईल. २०२० मध्ये गाणी आणि जनुकं एकत्र ठेवल्यावर त्या गटातून सोळा प्रजाती बाहेर आल्या. त्यांतल्या सहा पूर्णपणे नव्या होत्या, शिवाय एक नवी उपप्रजाती. बाकीच्यांची नावं जुनीच होती, बहुतेक उपप्रजाती म्हणून दिलेली, आणि ती तेव्हा वर आली. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता रेकॉर्डिंगचं. पक्ष्याने आपणहून म्हटलेलं गाणं आधी घ्या, प्लेबॅक, म्हणजे रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलतं करणं, त्यानंतर. प्लेबॅकला चिडून दिलेलं उत्तर आणि सकाळचं निवांत गाणं यांचा वेग वेगळा असतो, आणि तुलना करणाऱ्याला दोन्ही एकत्र आले की काहीच काढता येत नाही. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, एमपीथ्री नको. फिल्टर लावू नका. शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, ठिकाण, उंची आणि पक्षी दिसला की फक्त ऐकू आला हे बोलून ठेवा. नंतर नोंदवहीत लिहू म्हटलं तर पावसात वहीची शाई पसरते, आणि पारामोवर, म्हणजे अँडीजमधल्या उंच गवताळ माळावर, पाऊस कधी येईल ते कुणी सांगावं. एकाच पक्ष्याची दहा रेकॉर्डिंग घेण्यापेक्षा दहा पक्ष्यांची एकेक घ्या. आकडेमोडीत पक्षी मोजले जातात, फाइली नाहीत.

मग ही सगळी रेकॉर्डिंग सार्वजनिक संग्रहात टाका: कॉर्नेलची मॅकॉले लायब्ररी, नाहीतर झेनो-कँटो. झेनो-कँटो २००५ मध्ये सुरू झालं ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पक्ष्यांसाठीच. लेखात प्रत्येक रेकॉर्डिंगचा क्रमांक द्यायचा. क्रमांक नसलेलं रेकॉर्डिंग मी समीक्षक म्हणून विचारात घेत नाही.

कधीकधी आवाजच आधी सापडतो. १९९७ च्या नोव्हेंबरात दक्षिण इक्वाडोरमध्ये पक्षीशास्त्रज्ञ रॉबर्ट रिजली आणि सोबत्यांना एक अनोळखी हूक ऐकू आली. ती टेपवर घेऊन वाजवली, तर धिप्पाड अँटपिट्टा समोर आला. १९९९ मध्ये तो ग्रॅलारिया रिजलीयी झाला. लोक त्याला होकोतोको म्हणतात, तो म्हणतो तसंच.

नमुना, आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी

परवाने आधी. पेरूमध्ये सेर्फोर या वनसंस्थेकडून, ब्राझीलमध्ये सिसबिओ या सरकारी प्रणालीवर, आणि ब्राझीलमध्ये जनुकीय साहित्य वापरायचं तर २०१५ च्या कायद्यानुसार सिसजेन या दुसऱ्या प्रणालीवर नोंदणी. ज्या गावाच्या, ज्या आदिवासी समाजाच्या जमिनीवर जाळी लावणार, त्यांची संमतीही लागते, आणि ती आधी बसून, बोलून, काय करणार ते खरं सांगून घ्यायची. स्थानिक संशोधक सहलेखक हवा, आणि होलोटाइप, म्हणजे नव्या नावाला आधार असलेला तो एक नमुना, त्याच देशात राहायला हवा: बेलेंचं गोएल्दी संग्रहालय, लिमाचं सान मार्कोस विद्यापीठाचं संग्रहालय, सांता क्रूझचं नोएल केम्प्फ मेर्कादो, बोगोटातली नॅशनल युनिव्हर्सिटी. यावर माझं मत पक्कं आहे. शंभर-दीडशे वर्षं या खंडाचे होलोटाइप न्यूयॉर्क, लंडन, व्हिएन्नाला गेले. आज इथल्या विद्यार्थ्याला आपल्या गावचा पक्षी तपासायला व्हिसा काढावा लागतो.

पक्षी मारावा का, हा प्रश्न महाराष्ट्रातून हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचलमधल्या ईगलनेस्ट अभयारण्यातला बुगुन लिओचिकला हा पक्षी वर्णिला तो एकही पक्षी न मारता: पकडून, मापं-फोटो घेऊन, काही पिसं ठेवून सोडून दिला. पक्षी मूठभरच दिसत होते, आणि त्यांनी तो निर्णय घेतला. प्राण्याचं एखादं अंगही होलोटाइप होऊ शकतं असं आंतरराष्ट्रीय प्राणीनामकरण संहिता सांगते, त्यामुळे ते नाव वैध आहे.

मला हा मार्ग मान्य आहे, पण त्याची किंमतही माहीत आहे. सोमालियातला बुलो बुर्ती बूबू हा खाटीक पक्ष्याच्या नात्यातला पक्षी १९९१ मध्ये असाच, जिवंत सोडलेल्या एका पक्ष्यावरून वर्णिला गेला. २००८ मध्ये डीएनएने दाखवलं की तो आधीच माहीत असलेल्या प्रजातीचा वेगळ्या रंगातला पक्षी होता. तरी रक्त आणि पिसं जपून ठेवली होती म्हणून निदान हे तपासता आलं. मी सल्ला असा देते: समूह मोठा असेल तर परवान्यात बसतील तेवढेच, पण नीट बनवलेले पूर्ण नमुने घ्या. समूह इवलासा असेल तर पिसं, रक्त, सगळ्या बाजूंचे फोटो, मापं आणि रेकॉर्डिंग घ्या, आणि पूर्ण नमुना का घेतला नाही ते लेखात स्पष्ट लिहा. काहीच न ठेवता नुसत्या फोटोवर नाव देऊ नका.

कातडं बनवताना मक्याचं पीठ जवळ ठेवावं. रक्त आणि चरबी ते शोषून घेतं आणि पिसं चिकटत नाहीत. पण त्याआधी, पक्षी ताजा असतानाच, डोळ्याच्या बुबुळाचा, चोचीचा, पायाचा रंग लिहा. काही तासांत तो उडतो. यकृत किंवा स्नायूचा तुकडा अल्कोहोलमध्ये नाहीतर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. मग चिठ्ठी लिहा: ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वजन ग्रॅममध्ये, लिंग आणि जननग्रंथींचं माप, कवटी, चरबी, पिसं बदलत होता का, पोटात काय होतं, अधिवास, जमा करणाऱ्याचं नाव, डीएनएचा आणि रेकॉर्डिंगचा क्रमांक. पोलीस पंचनामा लिहितात तसं लिहा, तिथे नसलेल्या माणसालाही सगळं दिसलं पाहिजे. पाण्याने न पसरणारी शाई आणि आम्लरहित कागद वापरा.

चिठ्ठीची किंमत खानदेशाला चांगली ठाऊक असायला हवी. रानपिंगळा शतकभर कुणाला दिसत नव्हता. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळाला म्हणून दिलेला एक नमुना होता, आणि त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने बारकाईने तपासले तेव्हा तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. मूळचा तो जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात मिळवलेला होता. खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर गेल्यावर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला.

कपाटांतली तुलना

जंगलातल्या कामाचं कौतुक होतं, पण लेख उभा राहतो तो इथे. डांबरगोळ्यांच्या वासात, उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात, ट्रेमध्ये पक्षी ओळीने मांडून.

पहिलं काम जुन्या नावांचं. तुमच्या पक्ष्याला एकोणिसाव्या शतकात कुणी नाव देऊन ठेवलेलं असू शकतं, आणि मग ते आज समानार्थी नावांच्या यादीत निपचित पडलेलं असतं. अशा प्रत्येक नावाचा होलोटाइप शोधून पाहावा लागतो. पूर्वी बोगोटातून हजारो कातडी युरोपात विकली गेली, टोप्यांसाठीही गेली, आणि त्यांच्या चिठ्ठीवर नुसतं 'बोगोटा' असतं. पक्षी प्रत्यक्षात कोलंबियाच्या कुठल्या कोपऱ्यातला हे कुणालाच सांगता येत नाही. नेमका त्यातलाच एक तुमच्या पक्ष्याशी जुळला तर नवं नाव देता येत नाही, जुनंच उठवावं लागतं. रूफस अँटपिट्टाच्या सोळांपैकी अनेकांना अशीच जुनी नावं लागली, म्हणून मघाशी लक्षात ठेवा म्हटलं.

कधी नवा पक्षी कपाटातच बसलेला असतो. ब्राझीलच्या अलागोआस राज्यातल्या मुरिसीच्या जंगलातून १९८६ मध्ये जमवलेले नमुने रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात दुसऱ्याच एका प्रजातीच्या नावाने ठेवलेले होते. पुढे आवाज आणि कातडी एकत्र पाहिल्यावर ती वेगळी प्रजाती निघाली आणि २०१४ मध्ये सिक्लोकोलॅप्टेस माझारबार्नेट्टी नावाने वर्णिली गेली. तोपर्यंत उशीर झाला होता. २००७ नंतर तो पक्षी कुणी पाहिलेला नाही. २०१८ च्या सप्टेंबरात त्या संग्रहालयाची मुख्य इमारत जळाली. पृष्ठवंशी प्राण्यांचा संग्रह वेगळ्या इमारतीत होता म्हणून वाचला. त्या रात्री बातम्या पाहताना माझ्या डोक्यात हीच कातडी होती.

मोजमापं एकाच माणसाने घ्यावीत, एकाच कॅलिपरने. पंख न दाबता मोजलात की सपाट दाबून, ते लिहा. चोच कुठून मोजली तेही लिहा. रंग नजरेने 'तांबूस' म्हणून सोडू नका. मन्सेलच्या रंगतक्त्याशी जुळवा किंवा रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरा. आणि कातडी जुनी होतात तशी तपकिरी-तांबडी होत जातात. १९२० चा आणि २०१९ चा पक्षी शेजारी ठेवून 'नवा समूह फिकट आहे' म्हणणं धोक्याचं आहे, तो कदाचित नुसता ताजा असेल. शक्य तितक्या सारख्या वयाची कातडी घ्या, नर नरांशी, मादी माद्यांशी, ताज्या पिसांचे ताज्या पिसांच्यांशी.

प्रजाती म्हणायचं की उपप्रजाती

यावर पक्षीशास्त्रज्ञ तावातावाने भांडतात आणि मी त्यात मजेने भाग घेते.

उपप्रजातीसाठी एक जुना निकष आहे, डीन अमाडन यांनी १९४९ मध्ये मांडलेला: एका समूहातले किमान ७५ टक्के पक्षी दुसऱ्या समूहातल्या जवळपास सगळ्यांपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. सरासरीत फरक आहे, पण आलेख एकमेकांवर चढलेत, तर नाव देऊ नका. त्याहून मोठा सापळा आहे तो हळूहळू बदलत जाणाऱ्या रंगाचा. अँडीज उत्तर-दक्षिण हजारो किलोमीटर पसरलेला आहे. दोन टोकांचे पक्षी काळे आणि पांढरे दिसतील, मधले सगळे राखाडी असतील. मधल्या डोंगरांतले नमुने न पाहता दोन टोकांना दोन नावं दिली, तर पुढचा माणूस ती खोडणार. मधे खरी खाच असेल, जसं माराञोन नदीचं कोरडं खोरं, किंवा अ‍ॅमेझॉनमध्ये मादेइरा आणि तापाजोससारख्या नद्या, तर बाजू भक्कम होते.

उपप्रजातीचं वर्णन कमी प्रतीचं काम आहे असं समजू नका. कोलंबियातल्या सेर्रानिया दे लोस यारिगीएस डोंगरावरचा ब्रश फिंच २००६ मध्ये उपप्रजाती म्हणून वर्णिला गेला, नाव तिथल्या मूळच्या यारिगी लोकांवरून. त्या डोंगराचं वेगळेपण दाखवायला त्या छोट्या पक्ष्याने पुष्कळ मदत केली.

प्रजातींसाठी जोसेफ टोबायस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये गुणपद्धत दिली: पिसं, मापं, आवाज, वागणूक, भौगोलिक संबंध यांना गुण, आणि सात झाले की प्रजाती. ती सोयीची आहे. मी मात्र गुणांच्या बेरजेपेक्षा सीमेवर काय चाललंय ते आधी विचारते. दोन समूह भेटतात का, भेटल्यावर संकर होतो का, प्लेबॅकला एकमेकांच्या गाण्यावर चिडतात का? २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनमधल्या पंधरा नव्या प्रजाती एकाच वेळी वर्णिल्या गेल्या. त्यांतल्या काही लगेच स्वीकारल्या गेल्या, काहींना दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्यांची यादी ठरवणाऱ्या वर्गीकरण समितीने प्रजातीचा दर्जा दिला नाही. पुरावा कमी पडतो असं वाटलं तर उपप्रजाती म्हणून प्रकाशित करा. उद्या ती वर नेता येते.

लेख

प्राणीनामकरण संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यातलं तुम्हाला लागेल ते एवढं: नाव नवीन आहे हे स्पष्ट लिहा, म्हणजे 'स्पीशीज नोव्हा' किंवा 'सबस्पीशीज नोव्हा'. एकच होलोटाइप निवडा, त्याचा क्रमांक द्या, तो कोणत्या संग्रहात आहे ते सांगा. इतरांपासून वेगळं ओळखवणारी लक्षणं शब्दांत द्या. आणि मासिक फक्त इंटरनेटवर निघत असेल तर २०१२ पासून झूबँकवर (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी करून तो क्रमांक लेखात छापा. यातलं एक राहिलं तर नाव उपलब्ध होत नाही, पक्षी कितीही खरा असो.

निदान, म्हणजे डायग्नोसिस, हा लेखाचा कणा. तिथे विद्यार्थी पक्ष्याचं रूप वर्णन करत सुटतात: 'पाठ गडद तपकिरी, पोट फिकट, बुबुळ काळं.' हे खरं असेल, पण चार शेजारी प्रजातींनाही लागू पडेल. निदान तुलनेतच लिहायचं: अमुक प्रजातीपासून वेगळा, कारण शेपटीखालची पिसं एकरंगी आहेत, तिच्यात त्यांना काळ्या आडव्या पट्ट्या असतात. तमुकपासून वेगळा, कारण गाण्यातले स्वर शेवटाकडे खाली उतरतात, तिच्यात वर चढतात. प्रत्येक जवळच्या नातेवाइकासाठी असं एक वाक्य. पक्ष्याचं पूर्ण वर्णन नंतर वेगळ्या परिच्छेदात येऊ द्या, डोक्यापासून शेपटीपर्यंत, फक्त होलोटाइपचं. बाकी नमुन्यांत काय फरक दिसतो ते त्याच्या खाली. मग नावाचा अर्थ, प्रसार, अधिवास, आवाज, जनुकं, आणि धोके.

नाव लेख छापेपर्यंत कुणालाही सांगू नका. प्रबंधात, बातमीत, फोटोखाली लिहू नका. २०१० मध्ये कोलंबियातल्या उर्राओजवळच्या एकाच अँटपिट्टाची दोन वर्णनं सुमारे पाच आठवड्यांच्या अंतराने छापून आली: आधी ग्रॅलारिया फेन्विकोरम, मग ग्रॅलारिया उर्राओएन्सिस. पहिल्याचा होलोटाइप सोडून दिलेल्या पक्ष्याच्या पिसांवर होता, त्यावरून वाद पेटला. दक्षिण अमेरिकेच्या समितीने दुसरं नाव घेतलं, काही जागतिक याद्यांनी पहिलं. संरक्षणाच्या कामात एका पक्ष्याची दोन नावं म्हणजे दुप्पट कागद आणि निम्मं लक्ष.

नाव द्यायचंच तर स्त्रीवरून दिलं तर शेवटी 'एई', पुरुषावरून 'ई', अनेकांवरून 'ओरम', सगळ्या स्त्रियाच असतील तर 'आरम'. मेगॅस्कॉप्स स्टँगियेई हे शिंगू खोऱ्यातल्या घुबडाचं नाव २०२१ मध्ये सिस्टर डोरोथी स्टँग यांच्यावरून दिलं गेलं. जंगल आणि गरीब शेतकऱ्यांसाठी उभ्या राहिलेल्या डोरोथींचा २००५ मध्ये खून झाला होता. ठिकाणावरून दिलेल्या नावाला 'एन्सिस' लागतं. विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाशी जुळवा: ग्रॅलारिया स्त्रीलिंगी, सायटालोपस पुल्लिंगी. स्वतःचं नाव देऊ नये. पैसे देणाऱ्याचं द्यावं का यावर मी कुणाशी भांडत नाही. त्या पैशातून जंगल वाचत असेल तर मला चालतं. तरी पहिला हक्क त्या डोंगरावर राहणाऱ्या लोकांचा आणि ज्यांनी पक्षी आधी दाखवला त्यांचा, असं मला मनापासून वाटतं. तसं नाव ठेवण्याआधी त्यांना विचारा. कुणाचं नाव, कुणाचा शब्द, आणि वापरलेलं आवडेल का?

छापून आल्यावर

संग्रहात होलोटाइपला लाल चिठ्ठी लागते आणि तो वेगळ्या कुलूपबंद कपाटात जातो. डीएनएचे क्रम जेनबँक या सार्वजनिक साठ्यात, मोजमापांचा कच्चा तक्ता लेखासोबत. मग दक्षिण अमेरिकन वर्गीकरण समितीकडे प्रस्ताव पाठवा. तिथे दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि सदस्यांची मतं कारणांसह सगळ्यांना वाचता येतात. विरोधी मतं मन लावून वाचा. तुमच्या लेखातली भोकं त्यांत मिळतील, आणि पुढच्या मोसमात कुठे जाळी लावायची तेही.

संरक्षणाचं काम मात्र समितीसाठी थांबवू नका. १९९६ मध्ये पेरूच्या कोर्दिलेरा अझुलमध्ये लाल पट्ट्याचा बार्बेट सापडला, आपल्या तांबटाच्या दूरच्या नात्यातला. २००० मध्ये वर्णन झालं, २००१ मध्ये साडेतेरा लाख हेक्टरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. होकोतोकोमुळे १९९८ मध्येच त्याच नावाची संस्था उभी राहून जमीन राखू लागली, वर्णन छापण्याआधी. नैऋत्य इक्वाडोरमधला निळ्या गळ्याचा हिलस्टार हा हमिंगबर्ड २०१८ मध्ये वर्णिला गेला तेव्हाच लेखकांनी अंदाज दिला होता, ७५० पेक्षा जास्त पक्षी नसतील, आणि डोंगरावर खाणीचं सावट आहे. तोच परिच्छेद पुढे सरकारी टेबलांवर जातो, म्हणून तो घाईने, शेवटच्या रात्री लिहू नका. किती चौरस किलोमीटर, कोणत्या उंचीवर, कशाने जंगल तुटतंय, हे आकड्यांत लिहा.

लेखाचा सारांश स्पॅनिश किंवा पोर्तुगीजमध्ये द्या, आणि गावात केचुआ किंवा आयमारा बोलत असतील तर त्या भाषेत एक पानाचं पत्रक करून घ्या. ते शाळेत, ग्रामसभेत नेऊन द्या, फोटो मोठा छापा. वाटाड्यांची नावं ऋणनिर्देशात पूर्ण लिहा आणि छापील प्रत त्यांच्या हातात द्या. नमुना कुणी तपासायला मागितला, फोटो मागितले, तुमचं मोजमाप चुकलंय म्हणून पत्र आलं, तर त्याच आठवड्यात उत्तर द्या आणि कपाट उघडं ठेवा.